नोकरी गेली, हे घरी कसे सांगायचे?

मंदीची लाट आली की पहिला घाव पगारदार माणसावर बसतो. पण घर खचते ते पगार थांबल्यामुळे कमी आणि लपवाछपवीमुळे अधिक. अशा वेळी पतिपत्नींनी काय करावे, कायदा कोणता आधार देतो आणि कोणत्या कागदावर घाईने सही करू नये?

सकाळी सव्वासातला डबा भरला जातो. चार पोळ्या, मटकीची उसळ, लोणच्याची फोड. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, दारातून नेहमीचे "येतो गं" आणि ठरलेली लोकल. फक्त कचेरीच्या स्टेशनवर उतरणे होत नाही. दिवस कधी बागेतल्या बाकावर जातो, कधी वाचनालयात जुनी वर्तमानपत्रे चाळण्यात. डबा खाऊन, मोकळा करून संध्याकाळी ठरलेल्या वेळी स्वारी घरी परतते.

"अहो, हल्ली गप्प गप्प असता. काही झालंय का?"

"काही नाही गं. ऑफिसात काम वाढलंय."

काम वाढलेले नसते, ते संपलेले असते. महिन्यापूर्वीच हातात पत्र पडलेले असते. घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो आणि बचत खात्यातून काढलेली रक्कम 'पगार' म्हणून पत्नीच्या हाती ठेवलेली असते. आता पुढच्या महिन्याला काय द्यायचे, या विचाराने रात्रभर डोळा लागत नाही.

हे चित्र कुणा एका घरचे नाही. मंदीच्या प्रत्येक फेऱ्यात, गिरणीच्या चाळीपासून संगणक अभियंत्यांच्या संकुलापर्यंत ते थोड्याफार फरकाने दिसते. नोकरी जाणे हे संकट आहेच. पण ते एकट्याने झेलायचे, असे ठरवणे हे त्याहून मोठे संकट आहे.

एका रात्रीत गेलेल्या आणि आलेल्या नोकऱ्या

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही मोठी वित्तसंस्था कोसळली आणि जगभर मंदीचे सावट पसरले. महिन्याभरातच त्याची झळ मुंबईच्या विमानतळापर्यंत येऊन पोहोचली. ऑक्टोबर २००८ च्या मध्याला जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा निर्णय घेतला. त्यांत बहुतेक तरुण मुले-मुली होती, नव्याने नोकरीला लागलेली. कित्येकांनी प्रशिक्षणासाठी घरच्यांचे पैसे खर्च केलेले, कर्ज काढलेले. गणवेशातच ती रस्त्यावर उतरली. रडणारे ते चेहरे साऱ्या देशाने दूरदर्शन संचावर पाहिले.

मग अघटित घडले. दुसऱ्याच दिवशी कंपनीचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत कामावर घेत असल्याचे जाहीर केले. घरोघर पेढे वाटले गेले असतील, तर नवल नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी याच कंपनीच्या विमानांनी शेवटचे उड्डाण केले. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार त्याआधीच थकले होते. कंपनी पुन्हा उभी राहील या आशेवर कित्येकांनी वर्षे काढली. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

यातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नोकरी वाचली म्हणजे धोका टळला, असे नसते. मिळाली ती सवड समजावी आणि त्या सवडीत घराची तटबंदी करावी.

त्याच २००८ सालच्या दिवाळीनंतर सुरतेतही असेच झाले. अमेरिकेतून हिऱ्यांची मागणी घटली आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी बंद झालेले अनेक कारखाने पुन्हा उघडलेच नाहीत. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर बायकामुलांसह सौराष्ट्रातल्या आपल्या गावी परतले आणि मुलांच्या शाळा वर्षाच्या मध्यातच सुटल्या. हिरे उद्योगावर अलीकडे पुन्हा मंदी आली, तेव्हा मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने काम गेलेल्या कारागिरांच्या मुलांच्या शालेय शुल्कासाठी मदत जाहीर केली. बापाचे काम सुटले की मुलांचे दप्तरही सुटते, हे सरकारलाही मान्य करावे लागले.

गिरणगावाचा धडा

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, काही कायमच्या थंडावल्या आणि जे कामगार बाहेर राहिले, त्यांतील असंख्यांना परत आत जाता आले नाही. कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे गावी परतले. जे मुंबईत राहिले, त्यांपैकी कुणी भाजीची गाडी लावली, कुणी रखवालदार झाले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातून ज्या घराची फरफट रंगमंचावर आली, ते घर परळ-लालबागच्या चाळींतून अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

या काळात घर कुणी चालवले? बव्हंशी बायकांनी. पोळ्या लाटून, शिवण करून, धुणीभांडी करून, मसाले-पापड विकून त्यांनी मुले वाढवली. गिरणगावातल्या बायकांना कमाईची ही वाट नवी नव्हती. एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खाणावळी चालवणाऱ्या महिलांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्येच 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले होते. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज या बायकांना मिळू लागले, ते त्या संघटनेमुळे. संपात खाणावळींचे गिऱ्हाईक असलेला कामगारच गावी निघून गेला, तेव्हा या बायकांनाही मोठा फटका बसला. तरीही हात थांबले नाहीत.

पण गिरणगावाचा दुसरा धडा कडू आहे. गिरणी आज उघडेल, उद्या उघडेल, या आशेवर कित्येक पुरुषांनी उमेदीची वर्षे घालवली. दुसरे काम हलके वाटले. 'आम्ही साचेवाले, आम्ही काय पाट्या टाकायच्या?' हा अभिमान समजण्यासारखा होता, पण घराला तो परवडला नाही. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले आणि गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला २०१२ साल उजाडावे लागले. संप सुरू होऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती.

'माझ्यातच काही कमी आहे'

नोकरी गेलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो हाच. शेजारच्या टेबलावरचा राहिला आणि आपण गेलो, म्हणजे आपणच नालायक! वास्तविक कपातीची यादी बनते, तेव्हा माणसाची लायकी क्वचितच विचारात घेतली जाते. एखादा विभागच बंद होतो, परदेशी ग्राहक काम काढून घेतो, जास्त पगाराची माणसे आधी निवडली जातात किंवा यंत्र नाहीतर संगणक ते काम करू लागतो. जुलै २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करणार असल्याचे सांगितले. त्यांत प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीतील लोक होते. पंधरा-वीस वर्षे एकाच कंपनीत घालवलेली ही माणसे एकाएकी नालायक कशी ठरतील?

आपल्याकडे पुरुषाची ओळखच त्याच्या नोकरीशी बांधलेली असते. लग्न ठरवताना पहिला प्रश्न, "मुलगा कुठे असतो?" सोसायटीत, लग्नसमारंभात, गावच्या जत्रेत हाच प्रश्न. त्यामुळे नोकरी गेली की माणूस घराबाहेर पडणेच टाळतो. चिडचिड वाढते, मुलांवर हात उगारला जातो, कुणी बाटली जवळ करतो. पत्नीला खरे कारण माहीत नसल्यामुळे ती भलताच अर्थ लावते आणि संशयाने घर पोखरले जाते.

स्त्रीची नोकरी गेली तर दुःख वेगळे असते. तिचे दुःख कुणी मोजतच नाही. "बरंच झालं, आता घराकडे बघता येईल," असे सहज बोलले जाते. तिच्या पगारातून कर्जाचा हप्ता जात होता, तिच्या आईचे औषध येत होते आणि तिचा स्वाभिमान उभा होता, याचा कुणाला विचार पडत नाही. घरातल्या माणसांनी हे वाक्य तोंडातून काढू नये.

झोप उडणे, भूक मरणे, 'आपण नसलेलेच बरे' असे विचार येणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. घरच्यांनीही "रडतोस काय पुरुषासारखा पुरुष," असे टोमणे मारण्याऐवजी नुसते जवळ बसावे. तेवढ्यानेही फरक पडतो.

पहिल्याच दिवशी सांगा

पत्र हातात पडले की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पत्नीला किंवा पतीला सांगावे. मुले झोपल्यावर, शांतपणे, आकड्यांसह. 'काय होईल ते होईल' असे मोघम बोलण्यापेक्षा किती पैसे हातात येणार, किती शिल्लक आहे, कोणते देणे आहे, हे कागदावर मांडावे. बहुतेक घरांत पत्नीला कर्जाचा नेमका आकडा माहीत नसतो आणि पतीला भिशीत किती साठले आहे, हे माहीत नसते. दोन्ही बाजूंचे आकडे एकत्र आले की भीती निम्मी होते.

आठ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांनाही सोप्या शब्दांत सांगावे. "बाबांच्या कंपनीत काम कमी झालंय. ते दुसरं काम शोधताहेत. काही महिने आपण जपून खर्च करू. तुमची शाळा सुरूच राहील." मुलांना घरातला ताण कळतोच. कारण कळले नाही, तर ती स्वतःलाच दोषी धरतात. वृद्ध आईवडिलांना धक्का बसेल म्हणून त्यांच्यापासून लपवण्याचा मोह होतो. पण ज्यांनी रेशनच्या रांगा आणि दुष्काळ पाहिले आहेत, ती माणसे आपण समजतो त्यापेक्षा कणखर असतात.

हिशेबाची वही उघडा

खर्चाचे तीन भाग करावेत. पहिला भाग न थांबणारा: घरभाडे किंवा घरकर्जाचा हप्ता, शाळेची फी, औषधे, विम्याचा हप्ता, किराणा. दुसरा भाग कमी करता येणारा: वीज, पेट्रोल, मोबाईल, दूध-भाजीतली उधळपट्टी. तिसरा भाग थांबवता येणारा: हॉटेल, सहली, नवी खरेदी, देण्याघेण्यातला देखावा.

समजा, घरात सगळे मिळून १,८०,००० रुपये शिल्लक आहेत आणि महिन्याचा खर्च ४५,००० आहे. ही रक्कम चार महिने पुरेल. पहिल्याच महिन्यापासून खर्च ३०,००० वर आणला, तर तीच रक्कम सहा महिने पुरते. हे जादा दोन महिने फार मोलाचे असतात. मिळेल ती नोकरी घाबरून पत्करावी लागते की थोडे थांबून बरी नोकरी मिळवता येते, हे बऱ्याचदा या दोन महिन्यांवर ठरते.

कर्जाचा हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन व्यवस्थापकाला भेटावे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीत कर्जाच्या वर्गात जाते आणि मग बोलणी कठीण होतात. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याची विनंती करता येते. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. पण त्या काळाचे व्याज चढतच होते, हे अनेकांना नंतर कळले. तेव्हा सवलत घेताना व्याजाचे काय, हे आधी विचारावे.

क्रेडिट कार्डावर घर चालवू नये. थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागू शकते, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या वर. फारच गरज पडली, तर दागिने बँकेत तारण ठेवून कर्ज घेणे त्यापेक्षा स्वस्त पडते. खासगी सावकार आणि मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारे यांच्या दारात जाऊ नये.

आणखी एक बाब हमखास विसरली जाते. कंपनीने दिलेला आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो. नोकरीचा शेवटचा दिवस उजाडण्याआधीच विमा कंपनीला विचारून ते संरक्षण वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येईल का, ते पाहावे. घरात मधुमेही किंवा हृदयरोगी असेल, तर हे काम सर्वांत आधी करावे.

राजीनामा की कपात?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर लाखो रुपये अवलंबून असतात. अनेक कचेऱ्यांत कर्मचाऱ्याला एका खोलीत बोलावले जाते, समोर टाइप केलेला राजीनामा ठेवला जातो आणि सांगितले जाते, "आत्ता सही केलीत तर चांगलं पत्र मिळेल, नाहीतर काढून टाकल्याचा शेरा बसेल." घाबरलेला माणूस सही करतो. कागदोपत्री त्याने नोकरी स्वखुशीने सोडलेली असते. मग कपातीची भरपाई मागण्याचा त्याचा हक्क जातो. सही दबावाखाली घेतली होती, हे नंतर सिद्ध करणे फार अवघड असते.

म्हणून जागच्या जागी सही करू नये. "घरी विचार करून सांगतो," असे म्हणण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. कागदाची प्रत मागावी. कुणी, कधी, काय सांगितले, ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावे. राजीनामा देणेच सोयीचे वाटत असेल, कारण पुढच्या नोकरीसाठी कित्येकांना तेच बरे वाटते, तर त्याआधी नोटिशीच्या काळाचा पगार, जादा रक्कम, अनुभवाचा दाखला आणि विम्याची मुदत हे सारे लेखी ठरवून घ्यावे आणि मगच सही करावी.

कायद्यात काय आहे? जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील मूळ तरतूद त्यांतही कायम आहे. किमान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. साधारणपणे जो शेवटी आला, तो आधी जातो, असा नियम आहे. कपातीनंतर वर्षाच्या आत पुन्हा भरती करायची झाली, तर काढलेल्यांना आधी संधी द्यावी लागते. नव्या संहितेनुसार कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी मालकाकडून आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कमही मिळायची आहे.

एक बाजू मात्र कमकुवत झाली आहे. पूर्वी शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागत असे. आता ही मर्यादा तीनशेवर गेली आहे. म्हणजे मधल्या आकाराच्या असंख्य कारखान्यांतील कामगारांच्या डोक्यावरचे हे छत्र गेले आहे.

'ले-ऑफ' हा शब्द आपल्याकडे कपातीच्या अर्थाने सर्रास वापरला जातो, पण कायद्यात तो वेगळा आहे. माल नाही, वीज नाही, मागणी नाही म्हणून कामगाराला काही दिवस घरी बसवणे म्हणजे ले-ऑफ. त्यात नोकरी तुटत नाही. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला त्या दिवसांसाठी मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. २०१९ मध्ये मोटारींची विक्री घटली, तेव्हा अनेक वाहन कंपन्यांनी उत्पादनबंदीचे दिवस पाळले आणि पिंपरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांपर्यंत त्याची झळ पोहोचली.

"पण मी तर मॅनेजर आहे, मला हे लागू नाही," असे अनेकजण गृहीत धरतात. खरोखर व्यवस्थापन करणाऱ्यांना या तरतुदी लागू होत नाहीत, हे खरे. पण न्यायालये नुसते पदाचे नाव पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम काय होते, ते पाहतात. कार्डावर 'मॅनेजर' छापले असेल, पण हाताखाली एकही माणूस नसेल आणि काम तांत्रिक किंवा कारकुनी असेल, तर वकिलाचा किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा. प्रसूती रजेवर असलेल्या स्त्रीला त्या काळात कामावरून काढणे तर बेकायदाच आहे.

हक्काचे पैसे

ग्रॅच्युइटी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सलग नोकरी झाली की ती मिळते आणि कपातीच्या भरपाईहून ती वेगळी असते. हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता यांना २६ ने भागून १५ ने गुणावे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणावे. मूळ पगार आणि भत्ता मिळून २६,००० रुपये व नोकरी बारा वर्षे असेल, तर १,८०,००० रुपये होतात. मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. पगाराचा शेवटचा हिशेब नोकरी सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा, असेही आता कायदा म्हणतो.

भविष्य निर्वाह निधी मात्र अगदी शेवटी हात लावायची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये या निधीच्या विश्वस्त मंडळाने नियम बदलण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार बेकारीत पंचाहत्तर टक्के रक्कम लगेच काढता यावी, पण संपूर्ण रकमेसाठी बारा महिने थांबावे, असे ठरले. दहा वर्षांची नोकरी पूर्ण होण्याआधी पेन्शनचा भाग काढून घेतला, तर ती वर्षे वाया जातात. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेऊन पुढच्या नोकरीत वर्षे जोडता येतात.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत होता आणि ज्यांची राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी कापली जात होती, त्यांनी विमा महामंडळाच्या शाखेत जाऊन बेकारी भत्त्याची चौकशी जरूर करावी. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नव्वद दिवसांपर्यंत भत्ता मिळण्याची सोय केली गेली आणि २०२० मध्ये त्याचे प्रमाण सरासरी वेतनाच्या पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्के झाले. पगारातून वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्या कितीतरी कामगारांना ही योजना ठाऊकच नसते.

एकरकमी पैशाचा मोह

स्वेच्छानिवृत्तीची किंवा भरपाईची रक्कम हातात आली की दारात माणसांची रांग लागते. कुणी जमिनीत गुंतवा म्हणतो, कुणी दामदुप्पट योजना आणतो, मेव्हणा भागीदारीत दुकान काढू म्हणतो. घरात मुलीच्या लग्नाचा विषय निघतो. नव्वदच्या दशकापासून कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. २०१९ मध्ये भारत संचार निगमच्या सुमारे ७८,००० कर्मचाऱ्यांनीही ती पत्करली. दर वेळी काही घरांनी ही रक्कम सांभाळून उरलेले आयुष्य सुखाने काढले आणि काहींनी ती दोन-तीन वर्षांत संपवली.

साधा नियम असा: पहिले सहा महिने ही रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी आणि कुणालाही होकार देऊ नये. महागडे कर्ज असेल, तर ते फेडावे. धंदा करायचाच असेल, तर ज्या कामाची माहिती आहे, तोच करावा आणि एकूण रकमेचा लहानसा भागच त्यात घालावा.

नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे. खरा मालक उमेदवाराकडून अनामत रक्कम मागत नाही. परदेशातील नोकरी, रेल्वेतील भरती, बनावट नियुक्तिपत्र या आमिषाला गरजू माणूस पटकन बळी पडतो आणि उरलीसुरली शिल्लकही जाते.

पुन्हा उभे राहताना

शोध घेणे हीच आता नोकरी आहे, असे समजून दिवस आखावा. सकाळी वेळेवर उठावे, आंघोळ करून बसावे, रोज ठरावीक लोकांना फोन करावेत. जुने सहकारी, कॉलेजचे मित्र, पूर्वीचे ग्राहक यांना मोकळेपणाने सांगावे, "माझी नोकरी गेली आहे, काही असेल तर कळवा." बरीचशी कामे जाहिरातीत येण्याआधी ओळखीतूनच भरली जातात. ज्याने नोकरी गेल्याचे लपवले, त्याच्यापर्यंत ती पोहोचणार कशी?

पगार आधीपेक्षा कमी असला, तरी काम बरे असेल तर विचार करावा. मधल्या काळात शिकवण्या, हिशेब लिहिणे, दुरुस्तीची कामे, भाषांतर, जे येत असेल ते करावे. घरातला मोकळा वेळही वाया घालवू नये. नोकरी गेलेल्या नवऱ्याने मुलांना शाळेत सोडले, भाजी आणली, कुकर लावला, तर काही बिघडत नाही. उलट पत्नी कमावत असेल, तर तिच्यावरचा दुहेरी बोजा उतरतो आणि घरात आपलाही उपयोग आहे, हे त्यालाही जाणवते.

आणि ज्यांची नोकरी आज शाबूत आहे, त्यांनी? सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवावी. वैयक्तिक आरोग्य विमा वेगळा घ्यावा. पगाराची पत्रे, नेमणुकीचे पत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक घरात एका फायलीत ठेवावा आणि ती फाईल कुठे आहे, हे पतिपत्नी दोघांनाही ठाऊक असावे. हप्ते ठरवताना दोघांचे पगार कायम राहतीलच, असे धरून चालू नये.

सव्वासातच्या डब्याकडे परत येऊ. त्या पत्नीला एके दिवशी कळतेच. बँकेच्या संदेशावरून किंवा सहकाऱ्याच्या बायकोकडून. तेव्हा तिला सर्वांत जास्त काय लागते? पगार बंद झाल्याचे नव्हे. "तुम्ही मला सांगितलं का नाही?" हाच तिचा पहिला प्रश्न असतो. ते त्याच संध्याकाळी सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशीचा डबा कदाचित दोघांनी घरीच, एकत्र बसून खाल्ला असता आणि समोर हिशेबाची वही उघडलेली असती.